चेता तुटल्या, आता प्रोस्टेटच्या पेशींचं काय?

वाचकाचं पत्र

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. पाच महिन्यांपूर्वी त्यांचं मलाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. त्याआधी रेडिएशनचे २५ शेक दिले होते. सर्जन म्हणाले, गाठ बाजूला चिकटली होती, त्यामुळे उजवीकडच्या नसा पूर्ण वाचवता आल्या नाहीत. कॅथेटर (लघवीची नळी) दुसऱ्यांदा काढल्यावर लघवी सुरू झाली, पण जोर लावावा लागतो आणि शेवटी थेंब थेंब होते. सोनोग्राफीत प्रोस्टेट ३४ ग्रॅम आणि उरलेली लघवी २८० मिली. पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) १.९. लघवी मोकळी होण्याची गोळी, टॅम्सुलोसिन ०.४ मिग्रॅ, तीन वर्षांपासून चालू आहे. आमचे आतोबा म्हणतात, नस गेली की प्रोस्टेट आपोआप सुकते, गोळी कशाला? शेजारचे काका म्हणतात, प्रोस्टेट कापून टाका, मोकळे व्हाल. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. उंदरांच्या चेता (नसा) तोडल्यावर प्रोस्टेटच्या पेशी काही जागी आक्रसल्या, काही जागी वाढल्या आणि थरांची रचनाच बदलली, असं वाचलं तेव्हापासून झोप उडाली आहे. बाबांचंही असंच होणार का? वाढलेल्या पेशींचा कॅन्सर तर होणार नाही ना?

— एक लेक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर

ताई,

गोळी आतोबांच्या सांगण्यावरून बंद करू नका. दाब मोजणारी तपासणी झाल्याशिवाय प्रोस्टेटच्या ऑपरेशनला होकार देऊ नका. उंदरांच्या स्लाइडवरून बाबांच्या पेशींचा अंदाजही बांधू नका. तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरून आमचा संशय मूत्राशयाच्या स्नायूवर आहे. तरी तुमचा मूळ प्रश्न पेशींचा आहे आणि तो चांगला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

प्रोस्टेटला चेता दोन वाटांनी मिळतात. अनुकंपी (सिंपथेटिक) तंतू पाठीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या मणक्यांच्या पातळीवरून, साधारण टी१० ते एल२ मधून निघतात आणि हायपोगॅस्ट्रिक चेतेतून खाली ओटीपोटात येतात. परानुकंपी (पॅरासिंपथेटिक) तंतू माकडहाडाच्या वरच्या, एस२ ते एस४ या पातळीवरून येतात. मलाशयाच्या दोन्ही बाजूंना जाळ्यासारखा पेल्विक प्लेक्सस असतो, तिथे हे दोन्ही एकत्र होतात. तिथून बारीक फांद्या प्रोस्टेटच्या मागच्या कडांना, घड्याळातल्या पाच आणि सातच्या जागी, रक्तवाहिन्यांसोबत जातात. वॉल्श आणि डाँकर यांनी १९८२ मध्ये हा मार्ग नीट दाखवला, तेव्हापासून सर्जन तो जपायला शिकले. मलाशयाचं ऑपरेशन याच जाळ्याला खेटून होतं. गाठ बाजूच्या भिंतीला चिकटलेली असेल, तर कॅन्सर पूर्ण निघणं आधी आणि चेता नंतर, असाच क्रम लागतो. तुमच्या सर्जननी योग्य तेच केलं असं आम्हांला वाटतं.

आता ग्रंथीच्या आत. अनुकंपी टोकं मुख्यतः भोवतीच्या मऊ स्नायूंवर येतात. त्यांचं नॉरअॅड्रेनालिन अल्फा-१ ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटतं आणि स्नायू आवळतो. टॅम्सुलोसिन हेच ग्राहक अडवतं. परानुकंपी तंतूंचं अॅसिटिलकोलीन ग्रंथीच्या अस्तराला स्राव सोडायला लावतं. अस्तरात दोन थर असतात. आतल्या पोकळीकडे तोंड केलेल्या उंच, स्तंभाकार पेशी पीएसए आणि स्राव बनवतात. त्यांच्याखाली बुटक्या बेसल पेशी असतात. अधूनमधून एखादी न्यूरोएंडोक्राइन पेशीही दिसते. बाकी सगळं स्नायू आणि तंतुमय ऊती.

स्तंभाकार पेशींना जिवंत आणि उंच ठेवणारा मुख्य हात टेस्टोस्टेरोनचा आहे, चेतांचा नाही. नर उंदराची वृषणं काढली की प्रोस्टेटचं अस्तर आठवडाभरात कोसळू लागतं: पेशी मरतात, उरलेल्या बुटक्या होतात, ग्रंथी झपाट्याने लहान होते. चेता तोडल्यावर होणारा बदल याच्यापुढे सौम्य असतो. स्राव सोडण्याचा आदेश थांबतो, पेशीतला साठा आणि उंची कमी होते, स्नायूचा ताण ढिला पडतो, रक्तपुरवठ्यावरची पकड सुटते. एका बाजूची अनुकंपी चेता तोडलेल्या उंदरांत त्याच बाजूच्या पुढच्या खंडाचं वजन घटलेलं आढळलं आहे. बोटॉक्स थेट प्रोस्टेटमध्ये टोचून चेतांची टोकं गप्प केली, तेव्हाही उंदरांत अस्तर आक्रसलं. हा प्रयोग १९९८ चा. चेतांचा हात आहे, हे यावरून नक्की. पण तो हात आधाराचा आहे.

यापुढचा मुद्दा बहुतेक लेखांतून सुटतो, आणि तुमच्यासाठी तोच महत्त्वाचा आहे. चेता *कुठे* तुटली यावर पेशींचं भवितव्य ठरतं. पेल्विक प्लेक्ससमध्ये चेतापेशींची स्वतःची गँग्लिया, म्हणजे पेशींचे पुंजके, असतात. तुटणं त्याच्या वर झालं, म्हणजे हायपोगॅस्ट्रिकमध्ये किंवा मणक्यातच, तर वरून येणारा आदेश बंद होतो. पण प्रोस्टेटपर्यंत जाणाऱ्या शेवटच्या चेतापेशी आणि त्यांची टोकं जिवंत राहतात. ग्रंथी पोरकी होते, पण चेताविहीन होत नाही. तुटणं प्लेक्ससमध्ये किंवा त्याच्या खाली झालं, तर त्या बाजूची टोकं काही दिवसांत विरघळून जातात. नुसतं ताणलं गेलं किंवा उष्णतेने चटका बसला, तर तंतू नंतर वाढूही शकतात. ढोबळ वेग दिवसाला सुमारे १ मिलिमीटर धरतात. ऑपरेशनच्या कागदात सर्जननी उजवीकडे काय कापलं, हायपोगॅस्ट्रिक की प्लेक्सस, हे लिहिलेलं असतं. डिस्चार्ज कार्डावर नसेल, तर ऑपरेशन नोटची प्रत मागा. ती मागायचा तुम्हांला हक्क आहे आणि पुढे यूरॉलॉजिस्टला ती हवीच असेल. आणखी एक: बाबांची डावी बाजू शाबूत आहे असं पत्रावरून वाटतं. दोन्ही बाजूंच्या तंतूंची थोडी सरमिसळ असते, त्यामुळे एकाच बाजूच्या चेता गेलेल्या माणसाची अवस्था दोन्हीकडच्या गेलेल्यापेक्षा पुष्कळ बरी असते.

आता तुमचे उंदीर. त्यांच्या प्रोस्टेटचे खंड वेगळे असतात: पुढचा, मागचा, बाजूचा आणि वरचा. प्रयोगांत बहुतेकदा पुढचाच पाहिला जातो, आणि त्याला माणसात जोडीदार नाही. माणसाच्या प्रोस्टेटमध्ये खंड नसून झोन आहेत. निरोगी ग्रंथीत सुमारे ७० टक्के भाग परिघाचा, २५ टक्के मध्याचा आणि ५ टक्के संक्रमणाचा. उतारवयात वाढतो तो शेवटचा ५ टक्क्यांचा. उंदरांत बेसल पेशींचा थर तुटक असतो, माणसात सलग. भोवतीचा स्नायूही माणसात जाड, उंदरात विरळ. तेव्हा चेता गेल्यावर एका उंदरात थर बदलला, म्हणून बाबांच्या प्रोस्टेटमध्ये तसाच बदल होईल, हा निष्कर्ष विद्यार्थ्याने लिहिला तर तुम्हीच लाल पेन चालवाल.

माणसांत काय दिसतं? मणक्याला मार लागलेल्या पुरुषांची प्रोस्टेट त्यांच्याच वयाच्या इतरांपेक्षा सरासरीने लहान असल्याचं अनेक अभ्यासांत आढळलंय. आतोबांचं म्हणणं इथपर्यंत बरोबर. मात्र त्या पुरुषांत बऱ्याचदा टेस्टोस्टेरोनही कमी असतं, त्यामुळे किती श्रेय चेतांना द्यायचं हे सरळ सांगता येत नाही. आणि ग्रंथी लहान झाली तरी त्यांचा लघवीचा त्रास जात नाही, कारण त्यांचं मूत्राशय बिघडलेलं असतं. माणसांत बोटॉक्सचे प्रयोगही झाले. उंदरांतल्या यशाने आशा वाढली होती, पण यादृच्छिक चाचण्यांत तो नुसत्या सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरला नाही. प्रोस्टेट सुकवून लघवी मोकळी होईल, या कल्पनेची खरी परीक्षा तिथेच झाली.

कॅन्सरच्या भीतीबद्दल: २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या उंदरांवरच्या अभ्यासात चेतांची भूमिका नेमकी तुमच्या भीतीच्या उलट दिसली. अनुकंपी चेता ट्यूमर रुजायला मदत करत होत्या, परानुकंपी पसरायला. त्या निकामी केल्यावर ट्यूमर मंदावला. हाही उंदरांचाच निष्कर्ष, त्यामुळे तो बाबांना संरक्षण म्हणून मोजू नका. पण चेता तुटल्या म्हणून कॅन्सर होईल, असं म्हणायला या अभ्यासात काही आधार नाही.

बाबांच्या पेशींवर चेतांपेक्षा मोठा घाव बहुधा रेडिएशनचा असेल. मलाशयाच्या शेकात प्रोस्टेट किरणांच्या वाटेत येते. त्याने ग्रंथी आक्रसतात, बेसल पेशी ठळक दिसू लागतात, काही पेशींची केंद्रकं मोठी आणि वेडीवाकडी होतात. पुढे कधी बायोप्सी झाली, तर पॅथॉलॉजिस्टला रेडिएशन झाल्याचं आणि किती वर्षांपूर्वी झाल्याचं लिहून द्या. नाहीतर या केंद्रकांकडे पाहून कोणी दचकेल. रेडिएशनने वृषणांवरही थोडी किरणं पडतात, म्हणून टेस्टोस्टेरोन एकदा तपासून घ्यायला हरकत नाही. रक्त सकाळी ७ ते १० मध्येच द्यायचं. दुपारचा आकडा खाली येतो.

आता ज्याने रोज त्रास होतोय ते. लघवीच्या पिशवीचा स्नायू आवळायचा आदेश परानुकंपी तंतूंतून येतो, आणि ते तंतू मलाशयाच्या भिंतीलगतच असतात. ते दुखावले की पिशवी सैल पडते. पोटाचा जोर लावावा लागतो, धार तुटते, लघवी उरते. पिशवी भरल्याची जाणीवही मंद होते. म्हणजे जोर लावणं आणि थेंब थेंब होणं हे वाढलेल्या प्रोस्टेटचंही लक्षण आहे आणि कमजोर पिशवीचंही. ३४ ग्रॅमची ग्रंथी बाबांच्या वयाला फार मोठी नाही. ऑपरेशनच्या आधी गोळीवर लघवी ठीक होत असेल आणि त्रास ऑपरेशननंतर सुरू झाला असेल, तर दोष कुठे आहे ते बरंच स्पष्ट होतं.

आधी २८० मिलीचा आकडा पुन्हा तपासा. आपल्याकडे सोनोग्राफीआधी बाटलीभर पाणी पाजून तासभर थांबवतात. पिशवी ताणून ६००-७०० मिली भरली, की धडधाकट माणसाचीही लघवी उरते. बाबांना नेहमीची लागते तेव्हा, नेहमीच्या पवित्र्यात, घाई न करता करू द्या आणि १० मिनिटांच्या आत मोजून घ्या. दोन वेगळ्या दिवशी. १०० मिलीच्या आत उरत असेल तर निवांत राहा. १०० ते २०० मध्ये लक्ष ठेवा. दोन्ही वेळा ३०० च्या आसपास आली, तर पुढचं वाचा.

घरी तीन दिवसांची नोंद ठेवा. मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग घ्या आणि वेळ, किती झाली, जोर लावला का, गळती झाली का, एवढं लिहा. पाणी, चहा, ताक सगळं मिळून दिवसाला दीड ते दोन लिटर. इंदूरच्या मे महिन्यात अर्धा लिटर वाढवा, पण लघवी तुंबेल म्हणून पाणी तोडू नका; घट्ट लघवीत जंतू आणि खडे दोन्ही होतात. सर्दीच्या गोळ्या परस्पर घेऊ नका. स्यूडोएफेड्रीन पिशवीचं तोंड आवळतं आणि जुन्या अँटिहिस्टामिन गोळ्या पिशवी आणखी झोपवतात. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका.

मग यूरोडायनॅमिक तपासणी. इंदुरात मोठ्या रुग्णालयांच्या यूरॉलॉजी विभागात चौकशी करा. त्यात पिशवीतला आणि पोटातला दाब वेगळा मोजतात. लघवीची धार सर्वांत जोरात असताना पिशवीच्या स्नायूचा दाब किती, हा आकडा लक्षात ठेवा. त्यातून धारेच्या वेगाची दुप्पट वजा केली, की अडथळ्याचा निर्देशांक मिळतो. ४० च्या वर अडथळा, २० च्या खाली अडथळा नाही. त्याच दाबात वेगाची पाचपट मिळवली, की स्नायूची ताकद कळते. १०० च्या खाली कमजोर. समजा दाब २२ आणि वेग सेकंदाला ६ मिली आला. २२ वजा १२ म्हणजे १०: वाट मोकळी. २२ अधिक ३० म्हणजे ५२: पंप कमजोर. अशा माणसाची प्रोस्टेट कापून काही साधत नाही. उलट अनुकंपी चेता गेल्याने पिशवीचं तोंड आधीच सैल असतं, त्यात रेडिएशन. प्रोस्टेटचा आधारही काढला तर गळती कायमची मागे लागू शकते. शेजारच्या काकांना हे गणित दाखवा.

टॅम्सुलोसिनचं काय? अनुकंपी ताण गेला असेल तर तिला अडवायला कमी उरतं, आतोबांच्या तर्कात एवढं तथ्य आहे. पण डावी बाजू जिवंत आहे. यूरॉलॉजिस्टला सांगून दोन आठवडे थांबवून उरलेली लघवी पुन्हा मोजता येते. वाढली तर गोळी परत. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तर ही गोळी चालू असल्याचं, पूर्वी घेतली असली तरी, डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा. बाहुली मध्येच आकसते. पिशवी जागवायची म्हणून बेथानेकॉल लिहून देतात. फायद्याचा पुरावा तुटपुंजा आहे, घाम आणि पोटात मुरडा मात्र हमखास. प्रोस्टेट लहान करणारं फिनास्टेराइड ३४ ग्रॅमला आत्ता घाईचं नाही.

लघवी खरंच ३०० च्या आसपास उरत असेल, तर सर्वांत चांगला उपाय म्हणजे स्वतः कॅथेटर घालून पिशवी रिकामी करणं. ऐकताना अंगावर काटा येतो, पण कायमच्या नळीपेक्षा जंतू कमी आणि मोकळीक जास्त. पहिल्यांदा नर्सकडून समोर बसून शिकून घ्या. साधा, फुगा नसलेला १२ किंवा १४ नंबरचा, पुरुषांच्या लांबीचा, सुमारे ४० सेंमीचा; दवा बाजारात सहज मिळतो. आधी स्वतः लघवी करायची. साबणाने हात धुवायचे, जागा पुसायची, कॅथेटरला २ टक्के लिग्नोकेन जेली लावायची, आणि थोडी मूत्रमार्गातही सोडून दोन-तीन मिनिटं थांबायचं. लिंग वर, पोटाकडे उचलून धरायचं, म्हणजे आतलं वळण सरळ होतं. हळूहळू १५ ते २० सेंमी आत गेल्यावर प्रोस्टेटजवळ अडल्यासारखं वाटतं. इथेच लोक ढकलतात आणि रक्त काढतात. थांबा, दीर्घ श्वास सोडा, खोकला करा, हलका स्थिर दाब ठेवा. नेहमीच अडत असेल, तर टोक वाकडं असलेला टीमन कॅथेटर मागा. लघवी आली की आणखी दोन-तीन सेंमी आत. थांबल्यावर हळू बाहेर ओढायचा, मध्ये पुन्हा धार आली की तिथे थांबायचं.

किती वेळा, ते उरलेल्या लघवीवर ठरतं. बाबांना बहुधा सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना. एकूण भरलेली ४०० ते ५०० मिलीच्या वर जाऊ द्यायची नाही. कॅथेटरने निघणारी सलग आठवडाभर १००-१५० च्या आत आली, की एकेक वेळ कमी करायची. ऑपरेशनला पाचच महिने झालेत, आणि पहिलं वर्ष सुधारणा चालू राहू शकते. म्हणून आत्ता काही कायमचं ठरवू नका. पुण्याला रात्रीच्या बसने जायचं असेल, तर निघण्याआधी एकदा, आणि वाटेत बस थांबेल तिथे दुसऱ्यांदा.

लघवीच्या तपासणीत जंतू दिसले पण ताप, जळजळ काही नाही, तर अँटिबायोटिक नको. कॅथेटर घेणाऱ्यांत जंतू दिसतातच. थंडी वाजून ताप, कंबरेत एका बाजूला दुखणं, रक्ताच्या गुठळ्या, किंवा पिशवी तटतटून एक थेंबही न येणं, यात रात्र काढू नका, तातडीच्या विभागात जा. दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्तचाचणी) आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी. मूत्रपिंड फुगलेलं दिसलं तर वाट पाहायची नाही.

पीएसए १.९ आत्ता चांगला दिसतो, पण रेडिएशननंतर तो खाली येऊ शकतो, आणि कॅथेटर किंवा जंतुसंसर्गाने वर जातो. पुढची पीएसए चाचणी संसर्ग बरा झाल्यावर सहा आठवडे थांबून करा, दरवेळी त्याच लॅबमध्ये. पुढे कधी फिनास्टेराइड लागलंच, तर सहा महिन्यांनंतरचा आकडा दुप्पट करून वाचा. एका आकड्यापेक्षा, सर्वांत खालच्या पातळीवरून तो चढत जातोय का, हे पाहा, आणि चढत असेल तर एमआरआयबद्दल विचारा.